मुंबईची पर्जन्यजल सेवा: समुद्राकडचे टोक भक्कम, गल्लीकडचे वाऱ्यावर

मुंबई महानगरपालिका करदात्याला ज्या सेवा पुरवते, त्यांपैकी पावसाचे पाणी वाहून नेण्याची सेवा अशी आहे की तिचा दर्जा वर्षाचे आठ महिने कोणाला तपासता येत नाही आणि उरलेल्या चार महिन्यांत तो तपासायला बाहेर पडण्याची कोणाची इच्छा नसते. नळाला पाणी आले नाही, कचऱ्याची गाडी आली नाही, तर सकाळी दहाच्या आत इमारतभर बोभाटा होतो. पण रस्त्याखालची पर्जन्य जलवाहिनी निम्मी गाळाने भरलेली आहे हे जूनच्या पहिल्या जोरदार सरीपर्यंत कोणालाही कळत नाही. त्यामुळे या सेवेविषयी जे बोलले जाते ते एक तर गुडघाभर पाण्यात उभे राहून, नाही तर मे महिन्यात नालेसफाईच्या पाहणी दौऱ्यात. या दोन्ही प्रसंगांपासून दूर राहून, मध्य मुंबईतल्या एका सखल वस्तीत राहणाऱ्या आणि तिथे कर भरणाऱ्या रहिवाशाच्या नजरेने, हे परीक्षण लिहिले आहे. वस्तीपातळीवरच्या गटारांवर आणि ढाप्यांवर, म्हणजे लाद्यांनी झाकलेल्या गटारांवर, शहराने आपल्या तिजोरीतून पैसा घालावा की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. घालावा, असे माझे मत आहे. मात्र आजवर जसा घातला तसा नव्हे.

आधी वारशाकडे पाहू. मुंबई शहर भागातल्या पर्जन्य जलवाहिन्यांचा गाभा ब्रिटिश काळातला, विटांच्या कमानींचा आहे, आणि एकूण जाळे तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातला निम्मा जमिनीत मुरेल आणि निम्माच वाहून न्यावा लागेल, अशा हिशेबाने बांधलेले होते. हा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता. वाड्यांना अंगणे होती, गिरण्यांची आवारे होती, माती उघडी होती. १९९३ साली तयार झालेल्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याच्या योजनेच्या अहवालाने हे दोन्ही आकडे बदलले: पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरावा आणि मुरणारे पाणी शून्य धरावे. म्हणजे एक हेक्टर जमिनीवर तासाला पाच लाख लिटर पाणी पडणार, आणि सगळेच्या सगळे वाहून न्यावे लागणार. जुन्या हिशेबात हाच आकडा सव्वा लाख लिटर येतो. एकाच जमिनीवरून चौपट पाणी न्यायचे, हे या सेवेपुढचे काम आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिच्यावर टीका करण्यात अर्थ नाही.

अहवाल आला आणि बारा वर्षे फारसे काही हलले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहर आणि उपनगरांत शेकडो माणसे दगावली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, आणि २००७ साली केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले. त्या दिवशीची एक नोंद मात्र नेहमी मागे पडते: सांताक्रूझला आभाळ फाटले असताना कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला गेला होता. एकाच शहराच्या दोन टोकांत इतका फरक पडत असेल, तर सरासरी आकड्यावर बेतलेले नियोजन वस्तीच्या कामाचे नाही, हे तेव्हाच उमगायला हवे होते. नंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, ही चांगली गोष्ट झाली. त्यांच्या आकड्यांवरून एखाद्या गल्लीतल्या वाहिनीचा व्यास बदलल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

आता कौतुकाचा भाग, आणि तो मनापासून आहे. मुंबईची अडचण केवळ पावसाची नाही, भरतीची आहे. शहराचे पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडणारी १८६ पातमुखे आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, आणि भरतीतही उघडी राहतील अशी अवघी सहा. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की शहराची बहुतेक सगळी तोंडे बंद, आणि पूर दरवाजे नसतील तिथे समुद्रच उलटा आत शिरणार. यावर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसणारी पंपिंग केंद्रे, एकामागून एक उभी राहिली. त्यांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसून समुद्रात टाकतो. लव्हग्रोव्हचे पंप चालू असताना वरळीच्या बाजूने जे पाणी बाहेर पडते ते ज्याने पाहिले असेल, त्याला पालिका काहीच करत नाही हे वाक्य उच्चारणे जड जाईल. मोगरा आणि माहुल ही उरलेली दोन केंद्रे जमिनीच्या तिढ्यात वर्षानुवर्षे रखडली, आणि त्याची किंमत अंधेरी, शीव, चेंबूरच्या बाजूचे लोक दर पावसाळ्यात मोजत आले. पण जी सहा झाली ती कामाची आहेत.

गफलत त्याच्या पुढे आहे. सेकंदाला ६,००० लिटर हा वेग धरला, तर एका हेक्टरवर तासाभरात पडणारे पाच लाख लिटर पाणी एक पंप दीड मिनिटाच्या आत संपवतो. मग हिंदमाताला पाणी तासन् तास का थांबते? कारण ते पंपापर्यंत पोहोचतच नाही. हिंदमाता, परळ, दादर पूर्वेचा हा भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूच्या उंच भागाचे पाणी तिथे उतरते, आणि तिथून निघालेले पाणी रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखापर्यंत कित्येक किलोमीटर लांबीच्या, उतार जवळजवळ नसलेल्या वाहिन्यांतून जायचे असते. ब्रिटानियाचे केंद्र २०१६ साली सुरू झाले तेव्हा हिंदमाताचा प्रश्न सुटला असे जाहीर झाले होते. हिंदमाताच्या कापड दुकानदारांनी मात्र खालच्या फळ्यांवरचे ड्रेस मटेरियलचे गठ्ठे जून लागताच वर चढवायची सवय सोडली नाही, आणि पुढच्या पावसाळ्यांनी त्यांचेच बरोबर ठरवले.

त्यानंतरचा उपाय म्हणजे भूमिगत टाक्या. दादर पश्चिमेला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधून, भरतीच्या वेळी हिंदमाताचे पाणी त्यांत ओढून घ्यायचे आणि ओहोटी लागली की पुन्हा वाहिनीत सोडायचे, अशी ही योजना आहे. शिवाय हिंदमाताजवळच्या दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच करून गाड्यांचा मार्ग मोकळा केला गेला. या टाक्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. माझ्या मते त्या अर्धा प्रश्न सोडवतात आणि तो अर्धा भाग खरा आहे. मध्यम पावसात पूर्वी दुपारपर्यंत ठप्प राहणारा रस्ता आता बऱ्याचदा तासाभरात मोकळा होतो, आणि परळच्या रुग्णालयांकडे निघालेल्या माणसाला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. पण टाकी एकदा भरली की भरली. ओहोटीआधी दुसरा लोट आला तर तिला जागा उरत नाही, आणि लागोपाठ कोसळणारा पाऊस ही मुंबईत अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या पहाटे काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, त्यापुढे कोणतीही टाकी तोकडी आहे. रस्ता उंच केल्यामुळे बसमधल्या प्रवाशाची सोय झाली, तरी पुलाच्या बाजूच्या दुकानांत आणि चाळींत शिरणारे पाणी त्यामुळे कमी झाले असे म्हणता येणार नाही. सेवा कोणासाठी आहे, जाणाऱ्यासाठी की राहणाऱ्यासाठी, हे त्या एका रस्त्यावर स्वच्छ दिसते.

यंत्र असणे आणि ते चालू असणे यांतला फरक २६ मे २०२५ ने दाखवला. त्या वर्षी मान्सून मुंबईत नेहमीच्या तारखेच्या दोन आठवड्यांहून अधिक आधी दाखल झाला. नुकतेच सुरू झालेले वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भूमिगत मेट्रो स्थानक पाण्याने भरले, आणि हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट व चुनाभट्टी या चार ठिकाणची छोटी उदंचन केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली नाहीत म्हणून पालिकेने चालकांना प्रत्येकी दहा लाख रुपये दंड केला. दंड केला हे योग्यच झाले. पण ज्या दुकानात त्या दिवशी पाणी शिरले त्याला त्या दंडातला एक रुपयाही मिळत नाही, आणि पाऊस कंत्राटातल्या तारखा वाचून येत नाही ही गोष्ट निविदा लिहिणाऱ्यांना ठाऊक असायला हवी होती.

या सगळ्या मोठ्या कामांच्या तुलनेत ज्याची कधी बातमी होत नाही तो भाग म्हणजे पागोळीपासून नाल्यापर्यंतचे शेवटचे दोनशे-तीनशे मीटर. सेवेचा हा सर्वांत दुबळा दुवा आहे, आणि सेवेचे बहुतेक गुण मी इथेच कापले आहेत. आमच्या गल्लीचेच पाहा. रस्त्याच्या कडेला पाणी आत घेण्यासाठी लोखंडी जाळ्या आहेत. त्यांतल्या काहींवर डांबराचा थर चढून निम्म्या फटी बुजल्या आहेत, एका जाळीवर पेव्हर ब्लॉकची ओळ अशी बसवली आहे की पाण्याला आत जायला जेमतेम चार बोटे जागा उरते, आणि जी जाळी उघडी आहे ती भोवतालच्या रस्त्यापेक्षा दीड-दोन इंच उंच आहे. पाणी वर चढून गटारात जाईल अशी अपेक्षा करणारा उतार कोणी काढला असेल याचे मला आजही कुतूहल आहे. मे महिन्यात कामगार येतात, पहारीने ढाप्याच्या लाद्या उचलतात, फावड्याने आणि घमेल्याने हाताला लागेल तेवढा गाळ वर काढतात: शहाळ्याची टरफले, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी बांधकामाची बारीक रेती. दोन लाद्यांच्या मधल्या भागात हात पोहोचत नाही, म्हणून तिथला गाळ तिथेच राहतो. काढलेला गाळ सुकण्यासाठी गटाराच्या काठावर ठेवतात. तो सुकतो, नेणारी गाडी येण्याआधी वळवाची सर येते, आणि निम्मा माल जिथून काढला तिथे परत जातो. गाळ त्याच दिवशी उचलला जावा यासाठी कोणत्याही जपानी तंत्रज्ञानाची गरज नाही. एक छोटा टेम्पो पुरेसा आहे.

रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाने या दुखण्यात भर घातली आहे. २०२३ साली सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांसाठी ६,००० कोटींहून अधिक रकमेची कंत्राटे निघाली, आणि खड्डे कमी झाले हे मान्य करायला हवे. परंतु जुन्या वस्तीत रस्ता काही इंच जरी वर आला, तरी जी इमारत काल रस्त्याच्या पातळीत होती ती आज खड्ड्यात जाते, आणि रस्त्यावरचे पाणी जाळीपेक्षा इमारतीच्या फाटकातून आत जाणे पसंत करते. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या चाळी पूर्वी मुंबईत इतक्या नव्हत्या. जुना थर खरवडून मगच नवा थर द्यावा आणि रस्त्याबरोबर शेजारची वाहिनीही त्याच कामात बदलावी, हे दोन्ही नियम कागदावर नवे नाहीत. प्रत्यक्षात रस्ते विभाग आपले काम संपवतो, पर्जन्य जलवाहिन्या विभागाचे अंदाजपत्रक पुढच्या वर्षीचे असते, मलनिःसारणवाले तिसरे, आणि वरचा कचरा घनकचरा विभागाचा. साचलेल्या पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आधी आपल्या पाण्याची जात ठरवावी लागते. पाण्याला वास येत असेल तर ते मलनिःसारणाचे. पण पावसाच्या वाहिनीत शौचालयाची जोडणी कोणी चोरून दिली असेल, तर मात्र ते कोणाचेच नसते.

हिशेबाची बाजू याहून अवघड आहे. नालेसफाईचे लक्ष्य ढोबळमानाने पावसाळ्याआधी ८० टक्के, पावसाळ्यात १० आणि नंतर १० टक्के असे ठरते, आणि काम मोजले जाते ते काढलेल्या गाळाच्या वजनात. हे मापच मला मुळात चुकीचे वाटते. ज्याला वजनाचे पैसे मिळतात तो जिथून गाळ सहज निघतो तिथून काढणार, मोठ्या नाल्यात पोकलेन लावणार, आणि ढाप्याच्या कोपऱ्यात वाकून फावडे मारण्यात त्याला रस नसणार. मिठी नदीच्या गाळ उपसण्यात पालिकेचे सुमारे ६५ कोटींचे नुकसान झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, म्हणून त्यावर जास्त बोलणे योग्य नाही. गाळाच्या चित्रफिती घेऊन त्या संगणकाकडून तपासून घेण्याची नवी पद्धत आली आहे; तिने बनवाबनवी कमी होईलही, पण चित्रफितीतही गाळच दिसतो. वाहिनीतून पाणी किती वेगाने वाहते हे त्यात दिसत नाही, आणि रहिवाशाला हवे आहे ते वाहते पाणी.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ज्यांच्या दारात पाणी येत नाही त्यांनी सखल वस्तीच्या गटारांसाठी पैसे का द्यावेत? सखल जागा स्वस्त असते, तिथे राहणाऱ्याने ते जाणूनच घर घेतले, तेव्हा स्थानिक वर्गणी काढून किंवा वाढीव कर लावून त्यांनीच ते काम करावे. या युक्तिवादात पाण्याचा प्रवास विसरला जातो. परळच्या बशीत साचणारे पाणी परळवर पडलेले नसते; ते वरच्या भागातल्या गच्च्यांवरून, पोडियमवरून, काँक्रीटच्या आवारांतून उतरून आलेले असते. मुरणारे पाणी निम्म्यावरून शून्यावर आले ते उंचावरच्या आणि मधल्या बांधकामांमुळे, आणि त्या बांधकामांच्या परवानग्यांचे अधिमूल्य (प्रीमियम) शहराच्या तिजोरीत जमा झाले. ज्याने पाणी पाठवले त्याने वाहिनीच्या खर्चात वाटा उचलणे ही उपकाराची गोष्ट नाही. शिवाय ही बशी शहरानेच घडवलेली आहे: बेटांमधल्या खाड्या बुजवून, वरळीचा बांध घालून जी जमीन समुद्रातून काढली, तिच्यावर गिरण्या आणि चाळी उभ्या केल्या आणि कामगाराला तिथेच वसवले. निवड त्याने केली, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

पैसा नाही असेही म्हणता येत नाही. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेत वस्तीच्या गटारांसाठी स्वतंत्र, विभागवार आणि नावानिशी दिसणारी तरतूद असणे अवघड नाही. आज ते काम कधी देखभालीच्या शीर्षाखाली, कधी नगरसेवक निधीतून, कधी रस्त्याच्या कंत्राटात एका ओळीने होते, आणि मग कोणत्या गल्लीवर किती खर्च झाला हे कोणालाच सांगता येत नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. त्या काळात निदान भांडायला जे दार असते तेही बंद होते. नगरसेवक निधीविषयी मला फार ममत्व नाही, त्यातून पेव्हर ब्लॉक आणि कमानी जास्त झाल्या. तरीही कोणत्या जाळीत पाणी जात नाही हे सहायक अभियंत्यापेक्षा जुन्या नगरसेवकाला आधी ठाऊक असायचे.

सेवेला गुण द्यायचे तर समुद्राकडच्या टोकाला पाचपैकी चार, टाक्यांना तीन आणि गल्लीला दीड. पुढचा रुपया या दीड गुणाच्या जागी जावा, आणि तो देताना तीन अटी कंत्राटात लिहिल्या जाव्यात असे मला वाटते. कामाआधी आणि कामानंतर रस्ता, जाळी, वाहिनीचा तळ आणि इमारतींचे जोते यांच्या पातळ्या मोजून त्या विभाग कार्यालयाच्या फलकावर लावाव्यात. देयक गाळाच्या वजनावर न देता, ठरावीक पाऊस पडल्यावर ठरावीक वेळात पाणी ओसरले की नाही यावर द्यावे. जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद आणि चौकातला कॅमेरा यांवरून हे तपासणे आता कठीण नाही. आणि त्याच कंत्राटदाराकडे निदान तीन पावसाळ्यांची देखभाल बांधून द्यावी, म्हणजे काँक्रीट ओतून पोबारा करता येणार नाही.

सोसायटीच्या आवारातली गटारे मात्र या पैशात येऊ नयेत. फाटकाच्या आतली वाहिनी सोसायटीची आहे. तिथला ढापा वाहनतळासाठी बुजवून वर फरशी घालणाऱ्यांनी पालिकेकडे बोट दाखवण्यात हशील नाही. अपवाद करायचा तो जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या) चाळींचा आणि झोपडवस्त्यांचा, जिथे फाटकच नाही आणि आतले गटार हेच सगळ्या गल्लीचे गटार असते. तिथे हद्दीचा वाद घालत बसण्यापेक्षा पालिकेने सरळ शेवटच्या उंबऱ्यापर्यंत जावे आणि तो खर्च याच तरतुदीतून करावा.